मानमोडीच्या साली भरलेला दम

मित्रांनो, मी जुना कातडी फुटबॉल आहे, आणि शंभरावर वर्षं झाली, मला कुणी पाय लावलेला नव्हता. हसू नका! फुटबॉलला पाय लावायचा नाही, असा घोडेगावाजवळच्या एका घराचा नेमच होता.

पुण्यातल्या एका कारागिराने मला शिवलं. बाहेर कातड्याच्या पट्ट्या, आत रबरी फुगा, तोंडाला वादी. १९१८ साली एका कॉलेजच्या संघाने मला घेतलं. काय दिवस होते ते! पावसाळाभर चिखलात लोळलो. खडकीच्या छावणीतल्या बूटवाल्या गोऱ्यांना आमच्या अनवाणी पोरांनी हरवलं, तेव्हा मला डोक्यावर घेऊन नाचले सगळे. प्रत्येक सामन्याआधी संघातला सावळेराम मला तोंडाने फुंकून भरायचा. छाती होती गड्याची! शेवटचा सामना तेवढा उरला होता.

तेवढ्यात मानमोडी आली. त्या तापाने घरंच्या घरं बसली. सामन्याच्या सकाळी सावळेराम फणफणला होता. तरी त्याने मला फुंकलं, गाठ मारली, वादी आवळली आणि आडवा झाला. दुपारी गेला. सामना झालाच नाही.

पोरांनी मला गावी त्याच्या आईकडे, धोंडाबाईकडे आणून दिलं. तिने मला दाबून पाहिलं. मी टणक होतो.

"माझ्या लेकाचा दम हाय ह्याच्यात," ती म्हणाली. "ह्याला कुनी पाय लावायचा न्हाई."

तिने मला देव्हाऱ्यात बसवलं. धुळवडीला बाकीची घरं आपल्या वीराचा, म्हणजे गेलेल्या पूर्वजाचा, चांदीचा टाक वाजतगाजत नदीवर न्यायची. हे घर फुटबॉल न्यायचं. मला अंघोळ, हळद-कुंकू, नैवेद्य! थाट होता माझा.

पण खरं सांगू? फुंकून भरलेला चेंडू चार दिवसांत मऊ पडतो. मी पडलो नाही. आत सावळेराम होता. रोज दुपारी, सामन्याच्या वेळेला, तो आतून धडका द्यायचा. देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणायची आणि घरातले हात जोडायचे. त्यांना वाटायचं, वीर आशीर्वाद देतोय. मला ठाऊक होतं, तो बाहेर पडायला तडफडतोय. आणि मीच त्याला सोडत नव्हतो. हवा गेलेल्या चेंडूला उकिरडा दाखवतात, हे मी पाहिलं होतं.

यंदाच्या धुळवडीला मला आरतीने उचललं. ती सावळेरामच्या भावाची पणती, कॉलेजात मुलींच्या संघात खेळते. नदीत मला अंघोळ घालताना तिचे हात थबकले. तिने मला कानाशी धरलं.

"तात्या, आत कोन तरी धापा टाकतंय."

गेणभाऊ, तिचे वडील, हसले. "वीर हाय त्यो. जागा हाय."

"न्हाई वो तात्या. आमच्या गोलकीपरला दमा हाय. दम कोंडला का तिचा असाच आवाज येतो. लई तरास व्हतोय ह्याला."

गेणभाऊंचं तोंड उतरलं. "म्हंजी इतकी वरसं आपुन त्याला कोंडून ठेवला?"

"सामना राहिलाय त्याचा, तात्या. खेळू द्या त्याला."

"पन पाय कसा लावायचा, पोरी? घरातलं मानूस हाय ते!"

आरतीने मला वाळूवर ठेवलं. चुकून कुणाला पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो ना, तसा तिने वाकून केला. माफी आधी, पाय नंतर. मग ती मागे सरकली.

माझी तर पाचावर धारण बसली. वाटलं, गाठ आणखी आवळावी. पण आतून आज धडक आली नाही. सावळेराम गप्प होता. शिट्टी व्हायच्या आधी खेळाडू उभा असतो, तसा. मला स्वतःची लाज वाटली. मी गाठ सैल सोडली.

लाथ बसली. मी उंच गेलो आणि माझी शिवण फाटली. सगळ्या नदीकाठाने ऐकलं, एका तरण्या माणसाचा लांब, मोकळा श्वास. ताशे थांबले. पलीकडच्या ओल्या वाळूत माणूस दिसत नव्हतं, पण अनवाणी पावलं एकेक उमटत गेली, पळत्या माणसाची.

गेणभाऊंनी माझं चपटं कातडं छातीशी धरलं आणि ढसाढसा रडले.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण जपता जपता आत कुणी गुदमरत नाही ना, तेही कान लावून ऐका. मी रोज ऐकत होतो. तरी गप्प बसलो.