उलटून बोलणारा

मी उलटून बोलतो. चारचौघांत हा दुर्गुण, माझ्या धंद्यात हीच भाकरी. इलेक्ट्रिक गिटारवाल्याच्या पायाशी बसणारा मी डिले पेडल, अस्सल अॅनालॉग. तार छेडली की तोच सूर जरा उशिरानं परत म्हणतो. दर खेपेला थोडा मऊ, थोडा सावळा, विरत जाणारा. डिजिटल भाऊबंद जसंच्या तसं म्हणतात. त्याला उलटून बोलणं नाही, री ओढणं म्हणतात.

एका कारागिरानं मला हातानं झाळून जोडलं. मग मी मावशीकडं आलो. मावशी संध्याकाळी हॉटेलात गिटार वाजवायची, आणि जेवणारे चमचे खाली ठेवायचे. तिच्या टाचेनं माझा रंग गेला, पुढं चालू-बंद दाखवणारा लाल दिवाही गेला. "असू दे," ती म्हणाली, "माझे कान शाबूत आहेत."

भाचा मात्र डोळ्यांनी ऐकणारा. त्यानं नवं पेडल आणलं, आम्हा दोघांना एकाच वायरीत ओवलं आणि तुलनेचा व्हिडिओ काढायला बसला. मी आधीच चालू होतो. दिवा नाही, त्याला काय कळणार! त्यानं चालू करायला दाबलं, मी बंद झालो. "बघा, हा जुना. शब्द फुटत नाही." मग बंद करायला दाबलं, मी चालू झालो. नवं दाबलं, त्याचा दिवा भपकन लागला, पण त्याच्या पडसादाची खुंटी शून्यावर. बोलत होतो मी. "काय ऊब आहे नव्यात!" म्हणत भाचेबुवांनी मान डोलावली. दिवे लावले अगदी.

"मावशी, जुना गेला गं," त्यानं सांगितलं.

"काल तर बरा होता."

"वय झालं त्याचं. दुकानात देऊन टाकतो."

तिनं विश्वास ठेवला. माझा राग भाच्यावर आहेच, पण थोडा तिच्यावरही आहे.

दुकानदारानं बटण दाबलं, दिवा लागला नाही, लगेच कपाळावर चिठ्ठी: 'बंद'. अहो, मडकंसुद्धा लोक टिचकी मारून घेतात! वायर लावायची तसदी कुणाला? वर भिंतीवरच्या पडद्यावर तोच व्हिडिओ दिवसभर चालतो. गिऱ्हाइकं माझा आवाज ऐकून नवं पेडल घेऊन जातात, आणि मी खाली काचेत धूळ खातो.

आज मावशी आली. तारा घ्यायला आली होती, पडद्याखाली थबकली.

"हा आवाज कुठल्या पेडलचा?"

"नव्याचा. तुमच्याच भाच्याचा व्हिडिओ आहे, मावशी."

"नवं माझ्या घरी आहे. ते असं बोलत नाही." तिची नजर काचेत उतरली. "तो काढ."

"तो बंद आहे हो."

"तुला कुणी सांगितलं?"

"दिवा लागत नाही ना."

"दिवा नकोय मला. वायर लाव."

तो कुरकुरत वायर शोधतोय. शोध बाबा, सावकाश शोध. इतके दिवस गिळून बसलोय. मावशीनं एक तार छेडू दे, मग भर दुकानात उलटून बोलतो.