खुन्याचे हात

दिग्दर्शक वाल्सेक्कींच्या, आमच्या मायेस्त्रोंच्या, सिनेमात खुनी कोणीही निघो, काळ्या हातमोज्यांतले हात त्यांचेच असायचे. "माझे खून मी दुसऱ्याकडून करून घेत नाही," म्हणायचे. ते हातमोजे सांभाळायला मी, फेर्नांदा, त्यांची जुनी कपडेवाली.

यंदा ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी तोरीनो शहरात नवा सिनेमा सुरू केला आणि उजवा हात थरथरायला लागला. कॉफीचा कप बशीवर वाजायचा. निर्माता गुआल्तिएरो म्हणाला, "हातांपुरता दुसरा माणूस घेऊ." म्हातारा ऐकतोय कसला! "हात माझे नसतील तर सिनेमाही माझा नाही," म्हणाले.

जिन्यावरच्या खुनाच्या दिवशी मी हातमोजे चढवत होते.

"बोटं जरा स्थिर ठेवा. आंघोळीला धरलेल्या पोरासारखं काय चाललंय?"

"तुझ्या जिभेला वस्तऱ्यापेक्षा धार आहे."

"म्हणून तर इतकी वर्षं टिकले तुमच्यापाशी."

ते हसले, पण हात थांबला नाही. मला वाईट वाटलं.

आमच्याकडे चित्रीकरणाचा आवाज कोणी ठेवत नाही. किंचाळ्या नंतर स्टुडिओत दुसरीच बाई भरते. त्यामुळे मरणाऱ्या नटीने नुसतं तोंड उघडायचं. जिनेव्रालाही तेच सांगितलं होतं. कॅमेरा सुरू झाला, वस्तरा थरथरत तिच्या डोळ्याजवळ गेला आणि पोरगी खरोखर किंचाळली. जिन्यातली कबुतरं उडाली.

"वा! काय काम केलंस!" गुआल्तिएरो टाळ्या वाजवत म्हणाला. "मायेस्त्रो, दहशत आहे अजून तुमची."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. माझाही जीव भांड्यात पडला.

मी जिनेव्राच्या खांद्यावर शाल टाकली. "खुन्याला नाही घाबरले हो मी," ती हळूच म्हणाली. "वस्तरा बोथट असला तरी टोक आहेच की. त्यांचा हात सटकला असता तर माझा डोळा गेला असता."

हळूच म्हणाली खरी, पण मायेस्त्रो दोनच पायऱ्या वर उभे होते.

त्यांनी दातांनी ओढून हातमोज्याचं एकेक बोट सोडवलं. मी मदतीला गेले, तर नको म्हणाले. मग हातमोजे माझ्या हातात ठेवले.

"हा शॉट ठेवा," ते गुआल्तिएरोला म्हणाले. "पुढचे खून फेर्नांदा करेल."

आणि जिनेव्रापाशी जाऊन, हात पाठीमागे धरून, त्यांनी तिची माफी मागितली.