कंडक्टरचं बियाणं

ठमीने कबुतरांच्या ढाबळीवर एक घिरटी घातली, दुसरी घातली आणि तिसरी अर्धवट सोडून ती सरळ पेठ गावाच्या दिशेने निघून गेली.

हौशीराम ढाबळीचं दार हातात धरून तसाच उभा राहिला. दार त्यानेच उघडलं होतं.

"गेली?" सारजाबाईने ओट्यावरून विचारलं.

"पाय मोकळं करायला गेलीय. यील."

"पाय मोकळं करणारं पाखरू मागं वळून बघतं. तिनं बघितलं न्हाई."

बायको चाळीस वर्षं बरोबर बोलत आली की माणूस तिचं ऐकणं सोडून देतो. हौशीराम आभाळाकडे बघत राहिला. आभाळात एक घार होती आणि तिला ठमीत काही रस नव्हता, एवढंच काय ते समाधान.

लोणीच्या दूध डेअरीत हौशीरामची उभी हयात लॅक्टोमीटर बुडवण्यात गेली. स्वतः तो नाशिकच्या पुढे कधी गेला नाही. पण त्याची कबुतरं इंदूरहून उडून लोणीला आली होती, आणि ही गोष्ट तो अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हाच पंख लावून आला.

ठमी मात्र त्याची नव्हती. ती पेठच्या भागुजीची. भागुजी एसटीत कंडक्टर होता. ड्युटीवर जाताना कबुतरांची करंडी ड्रायव्हरच्या मागे ठेवायचा आणि नाशिकच्या स्टँडवर सोडायचा. गाडी परत पेठेला येईपर्यंत कबुतरं कधीच घरी पोचून, दाणे टिपून पेंगायला लागलेली असायची. मंचर-नारायणगावकडच्या शौकिनांत त्याच्या कबुतरांना 'कंडक्टरचं बियाणं' म्हणत. हौशीरामने त्या बियाण्याशी आपलं बियाणं जुळवलं, पिल्लांची वाटणी केली, आणि तेव्हापासून हे दोघं एकमेकांना 'इवाई' म्हणायला लागले. आधी अरे-तुरे होतं, सोयरीक झाल्यावर गमतीने तुमी-आमी आलं. एकाच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, दुसऱ्याच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो. माणसांची सोयरीक असती तर दोन्ही भावकींनी आधी आकाशपाताळ एक केलं असतं. कबुतरांनी फक्त पंख बघितले.

मग भागुजीच्या शकुबाईला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, घरात कबुतराचं पीस दिसता कामा नये. भागुजीने एका आठवड्यात ढाबळ मोडली. नर, तरुण माद्या, पिल्लं, सगळी वाटून टाकली. पुढे कुणाची मांजराने नेली, कुणाची शर्यतीत हरवली, हौशीरामच्या वाटणीची पिल्लंही गेली. त्या बियाण्यातली उरली एकटी ठमी. ती ढाबळ मोडतानाच भागुजीने स्वतः लोणीला आणून दिली आणि चहाही न घेता निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "इवाई, हिला सोडू नका. आमच्याकडंच यील."

शर्यतीच्या कबुतराची ही खोडच असते. ज्या छपरावरून ते पहिल्यांदा उडालं, तेच त्याचं घर. विकत घ्या, बक्षीस घ्या, दार उघडं सापडलं की ते आपल्या जुन्या घरी. म्हणून दुसऱ्याचं कबुतर कायम जाळीत ठेवायचं, आणि आपलं म्हणायचं ते त्याच्या पिल्लांना.

पण ठमीला पिल्लू होईना. वय झालं होतं. अंडी घालायची आणि ती पोकळ निघायची. शेवटी यंदा एक अंडं भरलं. मोबाइलच्या बॅटरीसमोर धरलं तेव्हा आत लाल शिरांचं जाळं दिसलं आणि हौशीरामने डेअरीत पेढे वाटले. लोकांनी विचारलं, कुणाला काय झालं? "सुनंला दिवस गेलं," असं सांगून तो मोकळा झाला. सून पुण्याला असते. तिला हे दुसऱ्या दिवशी फोनवरून समजलं.

आणि अंड्याचे दिवस भरत आलेले असताना या शहाण्याने दार उघडलं. जुने शौकीन सांगतात की अंड्यावरची मादी घरटं सोडत नाही, नवं घर रुळवायचं तर हीच वेळ. रोज जाळीला छाती लावून पेठेकडे बघणारी ठमी हौशीरामला बघवत नव्हती. शिवाय इवायाला फोन करून सांगायचं होतं, 'तुमची लेक नांदायला लागली.' दया आणि मिरवायची हौस एकत्र आली की अक्कल बाहेर जाते.

अंड्यावर आता पैलवान बसला होता, ठमीचा नर. कबुतरांत पाळ्या असतात. सकाळी मादी उठते, नर बसतो. दुपार कलली की मादी येऊन त्याला उठवते. ती आली नाही तर नर थोडी वाट बघतो आणि भुकेने उठून जातो. अंडं गार झालं की संपलं. दुसऱ्या जोडीखाली सरकवावं तर पिल्लाला भरवायचं घशातलं दूध आत्ता कुठल्याच जोडीला नव्हतं.

हौशीरामने फोन लावला.

"इवाई, छपराकडं बघा जरा."

"काय बघू? काय नाय तिथं आता, पाण्याची टाकी हाय." भागुजी बोलता बोलता थांबला. मग त्याचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "आरं हौश्या, ठमी आली की रं!"

हौशीरामने मोटारसायकलला किक मारली. ठमीने जी वाट सरळ रेषेत कापली, ती त्याला धामणी, मंचर आणि अवसरीचा घाट अशी फिरून कापायची होती.

तो पोचला तेव्हा भागुजी अंगणात खाटेवर बसला होता आणि ठमी त्याच्या मांडीवर. तिकिटं पंच करायचं जुनं यंत्र शेजारी पडलेलं होतं. पूर्वी ते टिकटिकवलं की सगळी ढाबळ खाली उतरायची. आज एकटी ठमी उतरली होती. तो तिला शेंगदाण्याचे तुकडे भरवत होता आणि हसत होता. दारात शकुबाई नाकाला पदर लावून उभी होती आणि तीही हसत होती.

"ढाबळ न्हाई बघून पयली बावचाळली," भागुजी म्हणाला. "तीनदा फिरली. मग टाकीवर बसली. म्हणलं, वाजवून तर बघू. तशी सरळ हातावर."

हौशीराम खाटेशी येऊन उभा राहिला. घाटभर त्याने वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही तोंडातून निघेना. भागुजीला एवढं खूश त्याने ढाबळ मोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

शकुबाईच म्हणाली, "भाऊ, ऱ्हाऊ द्या की आजचा दिस. मी बसते मागल्या दारी."

भागुजीने वर बघितलं. "अंड्यावर कोण हाय?"

"पैलवान."

"अन तू हिला सोडली? दिवस भरत आल्यात अन सोडली?"

"सोडली. चुकलं माझं."

भागुजीने ठमीच्या मानेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग उरलेले शेंगदाणे खिशात टाकले आणि उठला. "चल. मीबी येतो. तुझ्या एका हातात गाडी अन एका हातात ही, म्हंजी दोघंबी जाल."

"आल्यावर मोरीतनं आंघोळ करूनच घरात," शकुबाई म्हणाली. "अन कापडं भायेर टाका."

ठमी भागुजीच्या सदऱ्यात बसली, डोकं तेवढं गळ्यापाशी बाहेर. मंचरच्या चौकात सिग्नल नव्हता, पण ट्रॅक्टर आडवा होता. शेजारच्या रिक्षातली एक बाई बघतच राहिली.

"काय हाय ओ पोटाशी?"

"लेक हाय," भागुजी म्हणाला. "सासरी घालवायला चाललोय. पळून आली व्हती."

"नवरा मारतो का?"

"न्हाई वं. नवरा लई गुणाचा. सासराच बिनडोक हाय."

बिनडोक सासऱ्याने निमूटपणे गाडी पुढे काढली. त्याच्या पाठीला ठमीची घुमणारी छाती लागत होती. उन्हं उतरायला लागली होती आणि हौशीरामच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: रिकामं घरटं आणि त्यात गार पडलेलं अंडं. भागुजी मागून नाशिक स्टँडच्या गोष्टी सांगत होता. बहुतेक इवायाला ते चित्र दिसू नये म्हणूनच सांगत होता.

लोणीत शिरले तेव्हा डेअरीवर संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. सारजाबाई ढाबळीसमोर पाट टाकून बसलेली.

"उठला?" हौशीरामने लांबूनच विचारलं.

"तुमची वाट बघून मी दोनदा उठले," सारजाबाई म्हणाली. "तो न्हाई उठला."

पैलवान बसून होता. दाण्याला शिवला नव्हता, पाण्याला शिवला नव्हता. हौशीरामने हात पुढे केला तर त्याने पंखाची एक सणसणीत ठेवून दिली. हौशीरामला ती पटली. तो हात चोळत हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

भागुजीने अलगद बोटं घालून अंडं काढलं. ऊबदार होतं. त्याने ते कानाशी धरलं आणि डोळे मिटले.

"काय?" हौशीरामने विचारलं.

भागुजीने अंडं त्याच्या कानाला लावलं. आतून कोणीतरी ठोकत होतं. बारीक, थांबून थांबून, पण नेटाने. मग सारजाबाईने ऐकलं. पुन्हा भागुजीने ऐकलं. तीन म्हातारी माणसं ढाबळीत वाकून एका अंड्याला कान लावत होती आणि पैलवान रागाने घुमत होता.

भागुजीने अंडं घरट्यात ठेवलं आणि सदऱ्यातून ठमीला काढून काठावर सोडलं. पैलवान उठला आणि तडक पाण्यावर गेला. ठमी क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती आत उतरली, चोचीने अंडं पोटाखाली ओढलं आणि अंग पसरून बसली.

"उद्यापत्तुर फोडंल," भागुजी म्हणाला.

"फोडंल."

"पंख फुटलं की ह्याला सोडशील ना उडायला?"

"तर. ह्याला जाळीत कशाला ठिवू?"

"कुठंबी सोडलं तरी मग..." भागुजी थांबला. "पेठंला न्हाई यायचं ते."

हौशीरामला खोटं बोलता आलं असतं, पण कबुतरांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. "न्हाई, इवाई. हितंच यील. त्याला पेठ ठावंच नसंल."

भागुजीने मान डोलावली. "तेच पायजे व्हतं मला," तो म्हणाला. खिशातले शेंगदाणे त्याने ठमीच्या पुढ्यात ठेवले, ढाबळीचं दार लोटलं, आणि हौशीराम पुढे होण्याआधी स्वतःच्या हाताने कडी लावली.