तिकीट नव्हे, प्रसाद

भूकंपानंतर उत्तरेकडच्या तोहोकू भागाला मदत पाठवता पाठवता जपानमधल्या फुनाबोरीचं मराठी मंडळ रीतसर नोंदणीकृत सेवाभावी संस्था झालं होतं. आता वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, तर देणगीदारांना करात सूट मिळणार होती आणि तिकडचं पाळणाघर चालू राहणार होतं. त्याच्या तपासणीला सरकारी कचेरीतले मोरिता-सान नेमके दिवाळीच्या कार्यक्रमाला आले.

चिटणीस मेधा नियम कोळून प्यायली होती. "बाळासाहेब, पैसे घेऊन तिकीट आणि नशिबावर बक्षीस, याला इथे जुगार म्हणतात. काम कितीही पुण्याचं असो, आपल्याला त्याचा परवाना मिळत नाही. तांबोल्याची तिकिटं फुकट द्यायची."

बाळासाहेबांनी भारतात बँकेच्या कॉलनीत वर्षानुवर्षं तांबोल्याचे आकडे पुकारलेले. "फुकटचा तांबोला म्हणजे अळणी आमटी, मेधाताई. पण तुमचा शब्द."

घोळ झाला तो दारातच. तिकीट हाती पडलं की जो तो नाणं पुढे करी.

"नको, नको," मेधा म्हणे.

"असू द्या हो, फुकट कसं घ्यायचं?"

आपल्या माणसांना नको म्हटलं की तो संकोच वाटतो, आणि आग्रह वाढतो. मंडळातल्या सुचेताने तर नाणं मेधाच्या पर्समध्येच टाकलं. शेजारी मोरिता-सान बघत उभे.

मेधाने नाणं परत केलं. मग तिकिटांचा गठ्ठा लक्ष्मीपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, शांतपणे नमस्कार केला आणि वळून म्हणाली, "हा देवीचा प्रसाद. आता कोणाला विकत घ्यायचाय?"

नाणी खिशात गेली. माणसं उजवा हात पुढे करून, डावा कोपराला लावून रांगेत आली.

"हे केवढ्याला?" मोरिता-साननी जपानीत विचारलं.

"ओसागारी," मेधा म्हणाली. देवापुढून उतरलेल्या नैवेद्याला जपानीत हाच शब्द.

त्यांचा चेहरा सैलावला. "त्याचे पैसे घेत नाहीत."

"आम्हीही नाही घेत."

"माझ्याकडून काही हरकत नाही. तसंच लिहून देतो." त्यांनी दोन्ही हातांनी एक तिकीट घेतलं. "खेळतो, पण सरकारी नोकर आहे, बक्षीस घेता येणार नाही."

मेधाने ते मराठीत सांगितलं.

"म्हणजे हाच खरा खेळाडू," बाळासाहेब म्हणाले, आणि त्यांनी पहिला आकडा पुकारला.