नीळ लागलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. मांजरपाटाचे दोन तुकडे जोडून मला शिवलं. खोपोलीच्या एका कारखान्याच्या वसाहतीत, साठीच्या दशकात, दर शनिवारी माझ्यावर सिनेमा दाखवत. आधी मुलांसाठी छोटं रंगीत कार्टून असे. लोक माझं कौतुक करत. आज ते कौतुक आठवलं की लाजच वाटते.

एका कार्टूनमध्ये बदकाचं पिल्लू हरवायचं. मग तळं, झाडं, आभाळ सगळं निळं होई आणि मैदानात कुणी खोकतही नसे. आई सापडली की सगळं एकदम हळदीसारखं पिवळं होई. पिल्लू एक शब्दही बोलत नसे. त्याच्या मनातलं सगळं रंगच सांगत.

मला धुणाऱ्या पुतळाबाईचा त्या पिवळ्यावर जीव होता. तिची लहानगी ठमी ठाकुरवाडीला मावशीकडे राही. पुतळाबाई तिला भेटून कामावर निघाली की ठमी पदर सोडत नसे. गेलेली आई परत येत नाही, हे तिच्या मनाने घेतलं होतं. कार्टून शेवटचं दाखवणार होते त्या शनिवारी पुतळाबाईने तिला मुद्दाम आणलं. "निळं झालं की भ्यायचं नाय," तिने समजावलं. "पिवळं झालं की समज, आई आली."

आणि लेक बघणार म्हणून तिने मला नीळ घातली. भरपूर घातली.

मशीन चालवणारा पांडू ओरडला, "पुतळाबाय, ही काय साहेबाची पँट हाय?"

"पोरगी आलीय माझी. म्हटलं, चकचकीत दिसू दे."

दुसरा पडदा नव्हता. कार्टून सुरू झालं आणि पिवळं पिल्लू माझ्यावर हिरवट दिसू लागलं.

"बदकाला मुरडा झालाय रं!" पोरं खिदळली.

ठमी हसली नाही. पिल्लू हरवलं, निळं झालं. ती थांबून राहिली. आई आली, पिल्लू तिच्या पंखात शिरलं. माझ्यावर मात्र सगळं हिरवटच दिसलं. दिवे लागले.

"आये, पिवळं नाय झालं," ठमी म्हणाली. "ती खोटी आई हाय का गं?"

दुसऱ्या दिवशी पाताळगंगा नदीवर पुतळाबाईने मला आपटून आपटून धुतलं. ठमीने तिचा पदर दोन्ही मुठींत धरला होता. नीळ गेली, माझी शिवण उसवली. कार्टून सकाळीच मुंबईला परत गेलं होतं.

मित्रांनो, माझी काळजी घेणारी ती एकटीच होती. तिला मी बोल लावत नाही. पण एखादी वस्तू सजवण्याआधी ती कशासाठी आहे, हे जरूर पाहा. मला फक्त कोरं राहायचं होतं.

आता मी पेटीत पडून आहे. प्रत्येक घडीवर पिवळा पडलो आहे, अगदी त्या रंगासारखा. ठमीला हवा होता तेव्हा तो माझ्याकडे नव्हता.