दलदलीला पाडलेला चर

नेरिडा पास्को सकाळी दलदलीच्या काठाशी पोचली, तर पाणी चांगलंच मागे सरलेलं. काल गुडघ्याला लागत होतं, आज पोटरीच्याही खाली. मधोमध गवताच्या ढिगावर ब्रोल्गा, तो करडा उंच क्रौंच, दोन अंड्यांवर बसला होता. पिल्लं निघायला अजून आठ दिवस. भोवती पाणी होतं म्हणूनच कोल्हा तिथवर जात नव्हता.

ती कुंपणाकडे धावली. तिथे ताजा चर खणलेला, आणि दलदल त्यातून खळखळत नाल्याला निघालेली. थोरला भाऊ क्लेम खणायच्या यंत्राला टेकून चहा पीत होता.

"हे काय केलंस रे?"

"वर्षातले आठ महिने कोरडं असतं. त्याला काय तळं म्हणायचं? सातू पेरणार इथे."

"कोरडं असतं, मेलेलं नसतं! बेडकं, बिया, सगळं मातीत निजून असतं. नांगर घातलास की संपलं."

"तुझ्या पाखरांना पंख आहेत ना?"

"अंड्यांना आहेत?"

क्लेमने उरलेला चहा ओतला. "बाबांनी जमीन माझ्या नावावर केलीय, पाखरांच्या नाही." यंत्राची किल्ली खिशात टाकून तो घरी गेला.

नेरिडाने फावड्याने माती लोटली; पाण्याने ती वाहून नेली. तळहात सोलवटले. शेवटी ती आपल्या जुन्या गाडीत बसली आणि तिने ती नाक खाली करून चरात घातली. दार लाथेने उघडून बाहेर पडली. फटींत गवताच्या गासड्या कोंबल्या, वर चिखल थापला. दुपार कलता कलता धार थांबली.

"वेड लागलंय तुला," परत आलेला क्लेम म्हणाला. "एकुलती एक गाडी!"

"ओढून दाखव बाहेर."

त्याने ओढली नाही. पण घरट्याभोवती आता जेमतेम घोटाभर पाणी उरलं होतं, आणि पाऊस काही येईना. दोन दिवस नेरिडा काठावरून हलली नाही. पत्र्याचा डबा बडवून कोल्ह्याला हाकलत राहिली. तिसऱ्या पहाटे तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा नर-मादी दोन्ही पक्षी चिखलात उभे राहून ओरडत होते. घरट्यात नुसती फुटकी कवचं होती, भोवती कोल्ह्याची पावलं. उन्हं वर आल्यावर ते उडाले, दक्षिणेकडे.

क्लेम मागे येऊन उभा राहिला.

"आता तरी गाडी काढू?"

"नको."

"आता कुणासाठी गं?"

ती चराकडे चालत गेली. गाडीच्या चाकाशी पाणी झिरपत होतं. तिथे गुडघे टेकून ती दोन्ही हातांनी चिखल दाबत राहिली.