एक्कावन्नाव्या पानावरचे वाक्य

मित्रांनो, मी एक जुनी प्रत आहे. एका नाटकाच्या पहिल्या आवृत्तीची. माझे नाटक लहानसे आहे: एक म्हातारा बाप, त्याच्या दोन मुली आणि एक दार. त्याचा प्रयोग मी कधी पाहिला नाही. आम्हां छापील प्रतींना रंगमंच दिसत नाही, वाचणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसतो.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे एक आजोबा होते. पात्रांचे बोलणे ते सरळ अक्षरांत लावत आणि कंसातल्या सूचना तिरप्या अक्षरांत, अगदी हळुवार हाताने. शेजारचा जुळारी एकदा त्यांना म्हणाला, "कंसातलं कोण वाचतं हो आजोबा? उगाच डोळे फोडताय."

आजोबांनी चिमट्याने एक खिळा बसवला. "बोलणं सगळेच ऐकतात रे. माणूस बोलताना तोंड कुठे होतं त्याचं, ते कंसात असतं. ते माझ्या हातून चुकलं तर देवाला काय सांगू?"

हे शब्द मी अंगावरच्या शाईसारखे जपून ठेवले.

मग मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. तिथे साहित्य शिकवणाऱ्या बाई होत्या. रोज सकाळी पहिल्या तासाआधी खिडकीशी बसून नाटकाचा एक प्रवेश मोठ्याने वाचायचा, हा त्यांचा नेम. आधी पात्राचे नाव, मग कंस, मग वाक्य. काहीही गाळायचे नाही. ऐकायला कोणी असो वा नसो. ग्रंथपाल काका थट्टेने म्हणत, "बाई, आज भिंतींनी काय शंका विचारल्या?" बाई हसत आणि पुढची ओळ वाचत. त्या दिवसांत माझी पाने मऊ झाली, कोपरे गोल झाले. कित्येक मुलांनी माझ्यातली वाक्ये आपल्या निबंधांत नेली. मला त्याचा अभिमान होता.

पुढे नवी आवृत्ती आली. मोठा टाइप, चकचकीत वेष्टण. नाटककाराने नाटकावरून पुन्हा हात फिरवला होता, काही वाक्ये काढली होती. मी मागच्या फळीवर गेले. बाईंच्या हातातही आता नवीच प्रत असे, कारण वर्गाला तीच लावली होती. मला कोणी वाईट वागवले नाही, मित्रांनो. फक्त कोणी हात लावला नाही.

एके दिवशी एक मुलगी धापा टाकत आली. मैत्रिणी तिला भिंगरी म्हणत. एका जागी ती ठरत नसे, पण साहित्याचे तिला वेड होते. तिच्या वडिलांचे म्हणणे, आता शिक्षण पुरे, ओळखीच्या दुकानात काम बघ. पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला तरच ते ऐकणार होते, आणि प्रवेश मिळणार होता निबंधावर.

"नव्या प्रती सगळ्या गेल्यात," काका म्हणाले. "ही जुनी चालेल का?"

"चालेल की काका. नाटक तेच ना?"

"तेच."

तिने मला भराभर चाळले. एक्कावन्नाव्या पानाच्या तळाशी थोरल्या मुलीचे वाक्य होते. ते तिने उतरवून घेतले, मला परत केले आणि ती पळाली. निबंधात तिने लिहिले, "थोरली मुलगी निष्ठुर आहे. 'मला तुमची गरज नाही.' पान ५१." कोणत्या अंकात, कोणत्या प्रसंगी, कोणत्या आवृत्तीत, काही नाही. वाक्य आपले एकटेच उभे, रस्त्यात हात सुटलेल्या लेकरासारखे.

त्यानंतर ग्रंथालयाची आवराआवर निघाली. मला सुतळीने बांधून रद्दीच्या गठ्ठ्यात टाकले. गठ्ठा काकांच्या टेबलाखाली होता, म्हणून पुढचे सगळे माझ्या कानांवर पडले.

परीक्षकांनी नवी आवृत्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ते वाक्य कुठेच नव्हते. त्यांनी निबंधावर शेरा दिला: वाक्य बनावट आहे, निबंध रद्द करावा.

"बाई, मी नाही हो बनवलं," भिंगरी रडत होती. "मी वाचलंय."

"कुठल्या प्रतीत?"

"नाटकाच्या."

"अगं, पण कुठल्या? अंक कितवा?"

"आठवत नाही. पान एक्कावन्न."

"नव्या प्रतीत एक्कावन्नाव्या पानावर नोकर पाणी आणतोय, बाळ."

काका डोके खाजवत उठले. "हिला मी जुनी दिली होती, बाई. ती रद्दीत आहे. टेम्पो दुपारी यायचाय."

सुतळी सुटली. भिंगरीने मला उघडले, आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवले. "आहे. हे बघा, आहे."

बाईंनी चष्मा लावला. वाक्य तेवढे पाहून त्या थांबल्या नाहीत. नेमाप्रमाणे मोठ्याने वाचू लागल्या. "थोरली. कंसात, पाठ फिरवून. जा बाबा. धाकटीकडे जा. मला तुमची गरज नाही." पान संपले. बाईंनी ते उलटले. "कंसात, बाप जातो. ती दाराला कपाळ टेकते. माफ करा बाबा. घरात दाणा उरलेला नाही. तुम्ही इथे राहिला असता, तर उपाशी मेला असता."



"हे तर उलटंच निघालं," काका पुटपुटले.

"बापानं जेवढं ऐकलं, तेवढंच तू लिहिलंस," बाई हळूच म्हणाल्या. "तो बिचारा दाराबाहेर गेला होता. तू तर आत होतीस."

भिंगरीने डोळे पुसले. "सरांना फक्त वाक्य दाखवलं तर? त्यांचा आक्षेप तेवढाच आहे."

"प्रत तुझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या.

ती मला छातीशी धरून परीक्षकांच्या खोलीत गेली. त्यांनी मुखपृष्ठावरची आवृत्ती पाहिली, एक्कावन्नावे पान पाहिले, आणि आपला शेरा खोडायला पेन उचलले. तिच्या बोटांचा घाम माझ्या कडेला लागत होता. ती आता गप्प राहिली असती, तर काम झाले होते.

"सर, थांबा," ती म्हणाली आणि तिने माझे पान उलटले.

सरांनी वाचले. "म्हणजे तुझा मुद्दाच पडला."

"हो सर."

"मग मला कशाला दाखवलंस?"

"नाहीतर थोरली उगाच निष्ठुर ठरली असती, सर. माझ्यामुळे."

सरांनी शेरा खोडला. निबंध तिच्याकडे सरकवला. "पुन्हा लिही. गुण कापणार मी."

"कापा सर."

दुसऱ्या निबंधात तिने लिहिले: "तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, घरात दाणा नसताना, थोरली पाठ फिरवून बापाला म्हणते, 'मला तुमची गरज नाही.' तो गेल्यावर मात्र ती दाराला कपाळ टेकून माफी मागते (पहिली आवृत्ती, पाने ५१-५२)." प्रवेशाच्या यादीत तिचे नाव सगळ्यांत शेवटी होते. पण होते. त्या संध्याकाळी तिचे वडील यादी पाहायला स्वतः आले, आणि दुकानाचे नाव त्यांनी काढले नाही.

आता मी बाईंच्या कपाटात आहे. सकाळच्या नेमाला भिंगरीही येते. बाई बापाचे बोलणे वाचतात, ती थोरलीचे, आणि कंस दोघी मिळून.

मित्रांनो, माझ्यातले वाक्य जरूर न्या. ते तुमच्यासाठीच आहे. पण ते कोणाच्या तोंडचे, कोणाला उद्देशून, कोणत्या घडीचे, हे त्याच्या सोबत पाठवा. मी कुठल्या फळीवर, कुठली आवृत्ती म्हणून उभी आहे, तेही सांगा, म्हणजे मागून येणाऱ्याला मी सापडेन. आणि मला मिटण्याआधी एकदा पान उलटा. दारामागे कोणीतरी कपाळ टेकून उभे असेल.